पुरुषांच्या मापाचा फर्मा लहान केला तरी बायकांना बॉयलर सूट का बसत नाही?

शिलाई_करवीर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. बावीस वर्षं शिलाईकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे गणवेश, असं सगळं. पुरुषांचे कपडे आजवर शिवले नाहीत, आणि आता नेमकं तिथंच अडलंय. जाणकारांनी जरा वेळ काढून वाचावं ही विनंती.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशीन शॉपला आणि असेंब्लीला ३४ बायका आहेत. आमच्या बचत गटाला त्यांच्या बॉयलर सुटांची, म्हणजे वरखाली एकसंध असलेल्या कामाच्या पोशाखाची, ऑर्डर मिळाली. आतापर्यंत त्यांना पुरुषांच्या सुटातला सगळ्यांत लहान नंबर देत होते. बाह्या दोन घड्या घालून वर दुमडायच्या, पाय खालून दुमडायचे, कमरेला ओढणी नाहीतर सुतळी. फिरत्या मशीनजवळ दुमडलेली बाही सुटली तर काय होईल, हे मी सांगायला नको.

कंपनीनं नमुन्याला पुरुषांचा एक नवा सूट दिला आणि सांगितलं, हाच धरून लहान करा. मी तो उसवला, खाकी कागदावर फर्मा (कापड कापायचा कागदी आकार) काढला, बायकांची मापं घेतली आणि प्रमाणात लहान केला. कापड कॉटन ड्रिल, आधी भिजवून वाळवून घेतलेलं, म्हणजे आटण्याचा प्रश्न नाही. चार पीस शिवून ट्रायलला नेले. चारही फसले.

कुठं फसले ते सांगते. सीट, म्हणजे कुल्ल्यांचा घेर, बरोबर बसवली तर खांदा दंडावर उतरतो. खांदा बरोबर बसवला तर सीटवर कापड इतकं ताणतं की ताई खाली बसूच शकत नाही. छातीवर बटणांच्या मधे फट पडते. हात वर केला की सगळा सूट खालून ओढला जातो आणि आसनात (दोन पायांच्या मधल्या शिवणीत) रुततो. कमरेची शिवण म्हणून जी घातली होती ती कमरेच्या खाली, कुल्ल्यांच्या उंचवट्यावर येऊन बसते.

मग मी घरी एक केलं. माझा धाकटा दीर ५ फूट ४ इंच आहे, छाती ३६. असेंब्लीतली एक ताईसुद्धा ५ फूट ४ इंच, छाती ३६. दोघांची सगळी मापं वहीत समोरासमोर लिहिली. दिराचा खांदा १७, ताईचा साडेचौदा. बाही दिराची २३, ताईची साडेएकवीस. कंबर दिराची ३२, ताईची ३०. सीट दिराची ३६, ताईची ३९. मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत दिराचं १७, ताईचं साडेपंधरा. खुर्चीवर बसवून कमरेपासून बैठकीपर्यंत माप घेतलं तर दिराचं साडेनऊ आणि ताईचं साडेदहा. पायाची आतली लांबी मात्र जवळपास सारखी, दिराची साडेअठ्ठावीस आणि ताईची २८.

आता हिशेब बघा. दिराच्या फर्म्यातली सीट ३६ वरून ३९ करायला सगळं त्याच प्रमाणात वाढवलं, तर खांदा १८ च्या वर जातो. म्हणजे ताईच्या खांद्यावरून दोन्हीकडं जवळजवळ दोन-दोन इंच खाली. उलट खांदा १७ वरून साडेचौदावर आणला, तर सीट ३१ च्या आत येते. ताईला पाहिजे ३९. उंची एक, छाती एक, आणि हे असं.

बावीस वर्षं बायकांचीच मापं घेतली, त्यामुळं हा फरक मला कधी दिसलाच नव्हता. शेजारी ठेवल्यावर दिसला. माझा प्रश्न असा की हा फरक हाडाचा आहे की अंगावरच्या मांसाचा? मांसाचा असेल तर मी शिवणीत जादा माया (कापड) सोडून, इथं तिथं सैल करून भागवीन. हाडाचाच असेल तर पुरुषांचा फर्मा टाकून देऊन नवीनच काढायला पाहिजे. ३४ सूट आहेत, कापड मोजून मिळालंय. चार पीस आधीच वाया गेलेत, त्याचे पैसे गटातल्या बायकांच्या खिशातून गेले. परत चुकून चालणार नाही.

कटिंगमास्तर_सोलापूर

ताई, आधी मनापासून सांगतो, तुम्ही जी वही समोरासमोर लिहिली ते काम भलेभले कटिंग मास्तर करत नाहीत. मी चाळीस वर्षं सोलापुरात युनिफॉर्मच्या कारखान्यांत कटिंग केलं. शाळा, दवाखाने, सिक्युरिटी, कंपन्या, सगळ्यांचे. बायकांचा सूट मागितला की पुरुषांचा छोटा नंबर काढून द्यायचा, हीच रीत मी पाहिली आणि बरीच वर्षं मीही तेच केलं. त्याचं मला आज वाईट वाटतं.

तुमचा नमुन्याचा फर्मा बाजूला ठेवा. तुम्हाला ज्यात हात बसलाय तिथून सुरुवात करा. तुमच्याकडं पंजाबी ड्रेसच्या कुर्त्याचा फर्मा आहे ना? वरचा भाग त्यावरून काढा. खाली पँट जोडा. पुरुषाच्या सुटावरून बाईकडं यायला जितकी दुरुस्ती लागते, तितकी कुर्त्यावरून सुटाकडं यायला लागत नाही.

आता कापायच्या चार गोष्टी. पुरुषाच्या अंगात पाठ लांब असते, पुढचा भाग आखूड. पाठीच्या नि खांद्याच्या स्नायूंमुळं मागं कापड जास्त जातं. बाईच्या अंगात उलट, छातीवरून जाणारा पुढचा भाग लांब. म्हणून पुरुषाच्या फर्म्यात बाई घातली की पुढून सूट वर उचलला जातो आणि बटणांमधे फट पडते. तिथं रुंदी वाढवून उपयोग नाही, टक्स, म्हणजे कापड चिमटून घातलेली शिवण, घ्यावाच लागतो. बाहेरून दिसायला नको असेल तर खिशाच्या शिवणीत नाहीतर पुढच्या योकच्या (खांद्याखालच्या आडव्या तुकड्याच्या) जोडात लपवा.

दुसरं, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई. लोकांना वाटतं मुंढा खोल कापला की हात मोकळा होतो. तसं नाही. मुंढा जितका खाली, तितका हात वर करताना अख्खा सूट वर येतो. मुंढा वर ठेवा, बगलेजवळ, आणि हालचालीसाठी बगलेत चौकोनी तुकडा जोडा. आपल्या जुन्या सदऱ्यांना असायचा तसाच. त्यात हात सरळ वर जातो आणि कमरेची शिवण जागची हलत नाही.

तिसरं आसन. पुरुषांच्या कोटपँटमध्ये छाती आणि कंबर यांत सहा इंचांचा फरक धरून फर्मे केलेले असतात, आणि कमरेपासून सीटपर्यंत फारसा उतार नसतो. तुमच्या ताईची कंबर ३० नि सीट ३९, म्हणजे नऊ इंच. बाजूच्या शिवणीला गोलाई द्या, आणि मागच्या भागाचं आसन पुढच्यापेक्षा चांगलं लांब ठेवा. खाली वाकल्यावर मागून ओढतं ते तिथंच.

चौथं म्हणजे कमरेला मागच्या बाजूनं इलॅस्टिक घाला, पुढं सपाट ठेवा. ३४ जणींना ३४ फर्मे काढणं जमणार नाही. इलॅस्टिकवर तीन-चार नंबरांत भागेल.

हाड की मांस ते मला सांगता येत नाही. मी कापडाचा माणूस.

मिरजेची_मावशी

मी शरीररचनाशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. करवीरच्या ताईंचा प्रश्न मला फार आवडला, कारण पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचे.

थोडक्यात उत्तर: खांद्याचा फरक मुख्यतः हाडाचा, सीटचा थोडा हाडाच्या ठेवणीचा आणि बराच अंगाचा, छातीचा अंगाचा. पण हे नीट कळायला थोडं मागं जावं लागेल.

दहा वर्षांपर्यंतच्या मुलाचं नि मुलीचं अंग मोजलंत तर प्रमाणात फारसा फरक सापडणार नाही. शाळेचे गणवेश शिवता, तुमच्या लक्षात आलं असेल. वयात येताना वाट फुटते. मुलगी आधी वाढते, तिची झपाट्याची वाढ साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलाची चौदाच्या सुमारास. मुलाला जी दोन वर्षं जास्त मिळतात त्यात त्याचे हातपाय लांबत राहतात. मग टेस्टोस्टेरॉनमुळं खांद्याच्या भागातली कूर्चा जोरात वाढते, गळ्याखालचं आडवं हाड, आम्ही त्याला जत्रुक म्हणतो, ते लांब होतं आणि खांदे बाहेर जातात. मुलीत इस्ट्रोजेनमुळं कमरेच्या हाडांची वाढ रुंदीकडं वळते.

आता मजेची गोष्ट. तुम्हाला वाटत असेल की बाईचं कमरेचं हाड पुरुषापेक्षा खूप रुंद असतं. दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडांमधलं अंतर मोजलं तर बाई आणि पुरुष यांच्यात ते जवळजवळ सारखंच भरतं. पुरुष उंच असतो, त्याचे खांदे रुंद असतात, तरी हे माप वाढलेलं नसतं. म्हणजे बाईचं कमरेचं हाड तिच्या बाकीच्या सांगाड्याच्या मानानं रुंद. फरक इंचांत कमी आणि गुणोत्तरात जास्त आहे. म्हणूनच तुमचं त्रैराशिक फसलं. तुम्ही सगळी मापं एकाच पटीनं लहान-मोठी करत होता, आणि देह तसा लहान-मोठा होत नाही.

हाडाचा आकारही वेगळा. मी वर्गात दोन सांगाड्यांची कमरेची हाडं टेबलावर ठेवायचे आणि मुलांना म्हणायचे, हात पुढं करा. तर्जनी आणि मधलं बोट फाकवा, पुढच्या कमानीखाली तो कोन बसला तर हाड पुरुषाचं. अंगठा आणि तर्जनी पूर्ण ताणून फाकवा, तो कोन बसला तर बाईचं. बाळाचं डोकं त्या वाटेनं यायचं असतं म्हणून ती कमान उघडी असते. पुरुषाचं हाड उंच, अरुंद आणि खोल, बाईचं बुटकं, पसरट. बसल्यावर टेकायची दोन हाडंही बाईत एकमेकांपासून लांब. सायकलची सीट बायकांसाठी मागून रुंद करतात ती त्याचसाठी. तुमचं आसन तिथं ताणतं त्यालाही याचा हातभार आहे.

मांडीचं हाड तिथून खाली गुडघ्याकडं तिरपं येतं. बाईत हा तिरपेपणा थोडा जास्त. तीच गोष्ट कोपराची. हात सरळ सोडून तळवा पुढं केला की कोपराखालचा भाग बाहेर वळलेला दिसतो, बायकांत तो साधारण १० ते १५ अंश, पुरुषांत त्याहून कमी. पुरुषांचा कोपराखालचा हात दंडाच्या मानानं थोडा लांबही असतो. तुमच्या वहीत बाहीला जो दीड इंचाचा फरक आला तो नुसता उंचीचा नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत, कारण उंची तर दोघांची एकच.

एक काळजी मात्र घ्या. हे सगळं सरासरीचं बोलणं आहे. अरुंद खांद्याचे पुरुष असतात, सरळ कमरेच्या बायका असतात. तुमच्या ३४ जणींत चार-पाच जणी अशा निघतीलच ज्यांना पुरुषांचा फर्मा छान बसेल. त्यांना ‘तुमचं अंग पुरुषी’ वगैरे कोणी म्हणू नये. मापं प्रत्येकीची घ्या.

शिलाई_करवीर

मावशी, तुमचं वाचून मी आरशासमोर उभी राहिले आणि हात सोडून तळवा पुढं केला. खरंच कोपरातून बाहेर वळतो. इतकी वर्षं ब्लाउजच्या बाहीला कोपराशी मुरड का पडते म्हणून इस्त्री फिरवत बसायचे. आज कळलं.

मास्तर, तुमचा कुर्त्याचा सल्ला आजच करून बघितला. कुर्त्याचा फर्मा आणि नमुन्याचा फर्मा एकमेकांवर ठेवून कडेनं खडू फिरवला. खांद्याला नमुना बाहेर, छातीला दोन्ही जुळतात, कमरेला कुर्ता आत आणि वर, सीटला कुर्ता बाहेर. दोन रेघा छातीशी टेकतात आणि कमरेखाली एकमेकींना कापतात. लहान-मोठं करून त्या रेघा कधीच जुळल्या नसत्या.

मावशी, अजून एक विचारू? आमच्याकडं सगळे म्हणतात बायकांचे पाय लांब असतात. माझ्या वहीत तर आतली लांबी सारखीच आली, उलट दिराची अर्धा इंच जास्त. मग हे म्हणणं आलं कुठून?

मिरजेची_मावशी

कंबर वर असते म्हणून. कंबर म्हणजे हाड नाही, ती शेवटच्या फासळीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधली अरुंद जागा. बाईत ती जागा वर येते आणि तिथं अंग आत जातं, त्यामुळं डोळा पाय तिथूनच मोजतो. साडीची निरी खोचली की आणखीच. हाडं मोजली तर उंचीच्या मानानं बाईचे पाय सरासरीनं किंचित आखूडच भरतात, धड किंचित लांब. तुमच्या दोन मापांतच उत्तर आहे बघा. मानेपासून कमरेपर्यंत ताईचं दीड इंच कमी, आणि कमरेपासून बैठकीपर्यंत एक इंच जास्त. कंबर सरकली आहे, पाय तेवढेच आहेत.

पेणचा_मूर्तिकार

आमच्याकडं म्हणतात, गणपतीच्या साच्यातून गौर निघत नाही.

मी मूर्तिकाम करतो, घरचंच आहे. शिल्पाच्या जुन्या मापांत ताल धरतात, ताल म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंतचं तोंड, त्याची बारा अंगुळं. नवताल मूर्ती म्हणजे १०८ अंगुळं. देव असो की देवी, उंचीचं माप असं तालात मोजता येतं. पण शाडूची गौर घडवताना शिकाऊ पोरं पहिली चूक हीच करतात, पुरुषाचं धड घेऊन बारीक करतात. ती गौर वाटत नाही, आजारी मुलगा वाटतो. खांदे आत घेतले आणि मानेकडून उतरते केले की मान आपोआप लांब दिसते, मानेला हात लावावा लागत नाही. कंबर वर चढवली की पाय लांब दिसतात, मावशींनी सांगितलं तसं. माती काढायची कमी, सरकवायची जास्त.

ताई, तुमच्या दोन रेघांचं वाचून हे आठवलं.

चाकण_टेस्टिंग

मी गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये आहे. ‘लहान करून चालवा’ हे फक्त कपड्यांत नाही, म्हणून लिहितोय.

गाडी धडकवून बघताना आत माणसाच्या जागी पुतळा बसवतात. जगभर सगळ्यांत जास्त वापरला गेलेला पुतळा १९७०च्या दशकातला, सरासरी पुरुषाचा, सुमारे १७५ सेंमी आणि ७८ किलो. बाईचा म्हणून जो वापरतात तो सुमारे १५० सेंमी, ४९ किलोचा, आणि तो बऱ्याच अंशी पुरुषाच्याच पुतळ्याचा आकार कमी करून केलेला. सरासरी बाईच्या मापाचा, बाईच्या खांद्या-कमरेच्या ठेवणीचा पुतळा स्वीडनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये पुढं आणला, १६२ सेंमी आणि ६२ किलो. म्हणजे तुमच्यासारखी वही समोरासमोर ठेवायला गाडीवाल्यांना तेवढी वर्षं लागली. सीटबेल्ट खांद्यावरून कसा जातो, कमरेच्या हाडावर बसतो की पोटावर सरकतो, बाई सीट किती पुढं ओढून बसते, हे सगळं ठेवणीवर अवलंबून असतं.

अंतराळातही हे झालंय. मार्च २०१९ मध्ये नासाच्या दोन महिला मिळून अंतराळ स्थानकाबाहेर चालणार होत्या. दोघींनाही सुटाचा वरचा कडक भाग मध्यम मापाचा लागत होता आणि त्या वेळी तसा एकच तयार होता. एकीच्या जागी पुरुष सहकारी गेला. दोन महिलांची ती चाल शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ला झाली. तो मध्यम नंबर किती कळीचा असतो ते बघा. तुम्ही तुमच्या ३४ जणींसाठी तीन-चार नंबर करणार असाल, तर मधला नंबर जास्त कापा.

रात्रपाळी_वाली

मी स्वतः कंपनीत सूट घालते, नऊ वर्षं झाली. इथं सगळे खांदा, सीट, आसन बोलतायत ते बरोबर आहे, पण ताई, तुम्ही त्या ३४ जणींना एक प्रश्न विचारलाय का? बॉयलर सूट हवाय का?

बॉयलर सूट पुरुषानं घातला तर त्याचं काम पुढच्या चेनवर भागतं. आम्हाला संडासला जायचं तर खांद्यापासून अख्खा सूट खाली काढावा लागतो. बाह्या ओल्या फरशीला लागू नयेत म्हणून त्या कमरेला गुंडाळून धरायच्या, एका हातानं दार धरायचं. पाळीच्या दिवसांत काय होतं ते लिहीत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी पाळी संपेपर्यंत पाणीच पीत नाहीत. ड्यूटीची पाळी म्हणतेय मी, आठ तासांची. दुसऱ्या पाळीला तर आणखीच कमी पितात. एकीला लघवीचा त्रास सुरू झाला, दोन महिने औषधं खाल्ली.

तुम्ही कितीही सुंदर मापात शिवलात तरी हे तसंच राहणार. शरीराचा फरक मोजताय तर हाही मोजा. जाकीट आणि पँट वेगळी करून मिळाली तर बघा. जाकिटाला कमरेशी घट्ट पट्टी असली की ते मशीनमध्ये अडकायची भीती नाही.

शिलाई_करवीर

ताई, तुमचं वाचून माझं मलाच वाईट वाटलं. ३४ जणींच्या अंगाला टेप लावला, छत्तीस मापं लिहून घेतली, आणि हे एक विचारलं नाही. परवा सुट्टीच्या वेळी गेटबाहेर चहाच्या गाडीवर थांबले आणि एकेकीला विचारलं. २९ जणी म्हणाल्या, दोन तुकडे असतील तर देवच पावला. तिघी म्हणाल्या सूटच बरा, आत घरचा ड्रेस राहतो आणि ग्रीस लागत नाही. दोघींनी सांगितलं, काहीही द्या, पण बाही मनगटावर थांबू दे.

दुसऱ्या दिवशी कंपनीत गेले. सोबत गटातल्या दोघी. साहेबांना आधी कागदावरच्या दोन रेघा दाखवल्या, निळ्या खडूची आणि लाल खडूची, मग दोन तुकड्यांचं सांगितलं. त्यांनी सेफ्टीच्या माणसाला बोलावलं. त्यानं एकच अट घातली, जाकिटाचा कोणताही भाग लोंबता कामा नये, कफला आणि कमरेला बटण हवं, ओढणी-नाडी काही नको. ते बरोबरच आहे. असेंब्लीला आणि मशीन शॉपला दोन तुकडे मंजूर झाले. ज्यांना सूटच पाहिजे त्यांना सूट. वाया गेलेल्या चार पिसांचे पैसे मात्र मिळणार नाहीत म्हणाले. ते चार उसवून त्यातून खिसे आणि योक काढायचं ठरवलंय.

काल पहिला जोड शिवून झाला. मास्तर, तुम्ही सांगितलं तसा मुंढा वर ठेवला, बगलेत अडीच इंचाचा चौकोनी तुकडा घातला, टक्स योकच्या जोडात लपवला. मागचं आसन पुढच्यापेक्षा लांब कापताना हात थरथरत होता, इतकं तिरपं मी कधी कापलं नव्हतं. मावशी, बाहीला कोपराशी थोडं वळण दिलं, दोन तुकड्यांची बाही केली.

त्याच ५ फूट ४ इंचाच्या ताईला घालायला दिला. तिनं आधी दोन्ही हात वर करून डोक्यावरच्या कन्व्हेयरला धरल्यासारखं केलं. कफ मनगटावरच राहिला. मग उकिडवी बसली, उठली, परत बसली. कमरेची पट्टी कमरेवर होती. खांद्याची शिवण मी बोटानं चाचपून बघितली, हाडाच्या टोकावर बरोबर. ती काही बोलली नाही, नुसती दोन-तीनदा खाली वाकून बूट बांधायचं नाटक करत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, मांडीच्या बाजूला एक लांब खिसा करा की. व्हर्नियर ठेवायला जागाच नसते आम्हाला, ब्लाउजमध्ये खोचतो."

व्हर्नियर, म्हणजे त्यांचं माप घ्यायचं हत्यार, मागून घेऊन मापलं, डब्याशिवाय सव्वानऊ इंच. मास्तर, एवढा लांब खिसा उजव्या मांडीच्या बाजूला लावला तर बसताना टोचेल का? मांडीचा तो तिरपेपणा बघून थोडा पुढं घेऊ की शिवणीवरच ठेवू? गुरुवारी कटिंग धरायचं आहे, त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.

कटिंगमास्तर_सोलापूर

शिवणीवर नको ताई, शिवणीच्या दीड इंच पुढं घ्या आणि वरचं तोंड किंचित पुढं झुकवा. खिशाचा तळ गुडघ्याच्या चार बोटं वर संपू दे, म्हणजे बसल्यावर टोक वर उचललं जाणार नाही. तळाला दुहेरी कापड घाला, व्हर्नियरची टोकं ड्रिल फाडतात. वर झाकण आणि एक बटण. आणि डावखुरी कोणी असेल तर तिचा खिसा डावीकडं लावा, ते आधी विचारून घ्या.